सोललेली गाडी

“बाबा, मी आपली गाडी आतून सोलू का?”

खरं तर पाना हा प्रश्न विचारणारच नव्हती. ती आधी गाडी सोलणार होती आणि मग विचारणार होती. पण मधल्या सुट्टीत लंबू आणि बडबडी या तिच्या जिवलग मैत्रिणींनी पैज लावली.

“बाता मारायला काय जातंय! हिंमत असेल तर घरी विचारून दाखव,” लंबू म्हणाली.

“अगदी ‘सोलू का’ असंच. आणि लाडात यायचं नाही,” बडबडीनं पुरवणी जोडली.

पानाचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि ते तिथंच सुखात होतं. शाळेच्या कार्यक्रमात ऐन भाषणाच्या वेळी माइकचा स्टँड मान टाकायला लागला, तेव्हा हिनं दप्तरातून पाना काढून तो घट्ट केला होता. त्या दिवसापासून ती पाना. त्याआधी ‘हजर’ म्हणतानासुद्धा तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नसे. आता तो शेजारच्या वर्गातल्या बाईंना दार लावायला लावी. जगातली कुठलीही गोष्ट आपल्याला उघडता येते, अशी तिची खात्री झाली होती. उघडलेली गोष्ट परत लावायचीही असते, हा भाग अभ्यासक्रमात अजून यायचा होता.

बाबा जेवणाच्या टेबलाशी चष्म्याच्या काचा पुसत बसले होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. पुसता पुसता ते म्हणाले, “मला काय विचारतेस? तुझ्या आईला विचार. गाडी तिची आहे.”

आई त्याच खोलीत, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, शिलाई मशीनवर पडदे शिवत होती. मध्ये फक्त पाना आणि पाण्याचा जग. तरीही आई पानाकडेच बघून म्हणाली, “त्यांना सांग, किल्ली ज्यांच्या खिशात, गाडी त्यांची. सोला, चिरा, नाहीतर फोडणीला टाका. मला काय त्याचं!”

“तिला म्हणावं, मग माझंही काही म्हणणं नाही!”

पाना दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. उणे गुणिले उणे अधिक, हे तिला शाळेत शिकवलं होतं. दोन नकारांचा तिनं तिथल्या तिथं होकार करून टाकला.

या घरात अबोला चालू होता. निमित्त अगदी किरकोळ. आई गाडी मागे घेत होती, ती फाटकाच्या खांबाला लागली. लागली म्हणजे काय, खांबाला नुसती विचारपूस करून आली. पण शेजारी बसलेले बाबा सगळ्या बिल्डिंगीसमोर म्हणाले, “राहू दे, राहू दे. मी लावतो.” आई खाली उतरली, किल्ली बाबांच्या हातावर ठेवली आणि वर निघून गेली. तेव्हापासून ती पडद्यांची गाठोडी घेऊन बसनं जात होती. गाडीत पाऊल ठेवत नव्हती.

बाबांना वाटत होतं, आपण ‘राहू दे’ मदत म्हणून म्हटलं. आईला वाटत होतं, आपल्याला ‘राहू दे’ म्हणजे मोडीत काढलं. एकच शब्द, आणि दोघांनी त्याची दोन टोकं धरून ठेवली होती. मध्ये लोंबकळत होती पाना. कारण दोघं बोलायचे ते तिच्यामार्फत. “सांग तुझ्या आईला.” “म्हणावं तुझ्या बाबांना.” आणि पाना निरोप जसाच्या तसा कधीच देत नसे. त्यातला टोमणा काढून, चोळून-पुसून मग पुढे देई. मासा साफ करावा तसा. घरात शांतता राहिली ती आपल्यामुळेच, असं तिला वाटे.

गाडी सोलण्यामागेही हाच डाव होता. गाडी आतून नुसती राखाडी होती. दारं राखाडी, दारांमधले खांब राखाडी, छत राखाडी. आणि आईनं शिवलेल्या पडद्यांतलं हळदीच्या रंगाचं जाड कापड कपाटात उरलेलं होतं. दारांची आतली पॅनेलं काढायची, त्यांवर हे कापड चिकटवायचं, परत बसवायची. आई खाली येईल, दार उघडेल, आपल्याच कापडाची गाडी बघेल आणि मुकाट्यानं स्टिअरिंगवर बसेल. पानाच्या डोक्यात हे चित्र इतकं स्वच्छ होतं, की त्यात आईनं कुठला ड्रेस घातलाय तेही ठरलेलं होतं.

रविवारी सकाळी बाबा आंघोळीला गेल्यावर तिनं खुंटीवरच्या त्यांच्या शर्टातली किल्ली काढली आणि स्वयंपाकघरातलं लाकडी उलथनं आणि ते हळदी कापड घेऊन खाली उतरली. लंबू आणि बडबडी पैज हरल्याचा दंड म्हणून मदतीला हजर होत्या.

“व्हिडिओतला माणूस म्हणतो, फटीत सरकवायचं आणि हलकेच ओढायचं,” पाना म्हणाली. “आतमध्ये क्लिपा असतात. त्या आपोआप सुटतात.”

टक्! पहिली क्लिप सुटली. टक्! दुसरी. तिघींनाही तो आवाज भलताच आवडला. टक् टक् टक् करत पॅनेल खालून मोकळं झालं. पुढे मात्र ते हॅंडलपाशी अडलं.

“जोरात ओढ!” लंबू म्हणाली.

“हलकेच म्हणालाय तो,” बडबडी म्हणाली.

“त्याचं हलकेच म्हणजे आपलं जोरात. त्याचे दंड बघितलेस का?”

पानानं ओढलं. कडाड! हॅंडलच्या वाटीत, एका इवल्याशा झाकणाखाली, एक स्क्रू लपून बसलेला होता. तो व्हिडिओत आधीच काढून ठेवलेला असावा. स्क्रू जागेवर राहिला आणि पॅनेलचा तुकडा हातात आला.

“आता?” लंबू म्हणाली.

“एक तुटलं म्हणून थांबलं तर गाडी विचित्र दिसेल,” पाना म्हणाली. त्या क्षणी हे तिला फार शहाणपणाचं वाटलं. मग चारही दारांची पॅनेलं निघाली. आतला प्लास्टिकचा कागद निघाला. खांबांवरच्या पट्ट्या निघाल्या. पट्ट्यांनीच छताचं अस्तर धरून ठेवलेलं होतं, हे अस्तर डोक्यावर आल्यावर कळलं. दारं आतून नुसता पत्रा, त्यातून लोंबणाऱ्या तारा आणि सळया. गाडी दवाखान्यातल्या पेशंटसारखी दिसत होती, मागून गाठी सुटलेला गाऊन घातलेली. क्लिपा गोळा केल्या, तर त्यातल्या निम्म्या मोडून अर्ध्या झाल्या होत्या.

तेवढ्यात जिन्यात बाबांच्या चपला वाजल्या.

“आई हाक मारतेय वाटतं,” असं म्हणून लंबू आणि बडबडी पसार झाल्या. दोघींच्याही आया दोन गल्ल्या पलीकडे राहत होत्या.

बाबांनी आधी चादरीवर मांडलेली पॅनेलं पाहिली. मग गाडी पाहिली. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा गाडी पाहिली.

“हे कुणी केलं?”

“तुम्हीच म्हणालात ना, माझं काही म्हणणं नाही?”

“मला वाटलं, तू गाडीत बसून वाटाणे सोलायचं म्हणतेयस!”

“गाडीत बसून?”

बाबांनी एक पॅनेल उचललं. “अक्कल म्हणून नाही. हे काय, जागेवर धरायचं आणि एक थाप मारायची. बसतं.” त्यांनी पॅनेल दाराला लावलं आणि थाप मारली. पॅनेल खाली पडलं. त्यांनी परत लावलं आणि या वेळी दुकानात अडकलेलं शटर उघडतात तशी मारली. मागे क्लिप नव्हती, लोखंडाची पट्टी होती.

“आई गं!”

ही हाक त्यांनी स्वतःच्या आईला मारली होती. पण खिडकीत आली ती पानाची आई.

मनगट बघता बघता फुगलं. आई तीन-तीन पायऱ्या एकदम उतरून आली. बाबांचा हात तिनं हातात घेतला, इकडे-तिकडे वळवून बघितला, बाबा कण्हले. मग तिला आठवलं, की आपला अबोला आहे. हात तसाच धरून ती पानाला म्हणाली, “त्यांना सांग, डॉक्टरकडे जायला लागेल.”

“तिला सांग, मला गिअर टाकता येणार नाही.”

“त्यांना सांग, ते मला दिसतंय.” आणि मग, कुणाकडेच न बघता, “किल्ली दे.”

आई गाडीत बसली. पानाच्या डोक्यातल्या चित्रातही आई गाडीत बसत होती, पण त्यात छत आईच्या केसांवर टेकलेलं नव्हतं आणि दार ओढायला हॅंडलच्या जागी पत्र्यातलं भोक नव्हतं. बाबा शेजारी बसले. दुखऱ्या हाताला हळदी कापडाची पट्टी, आणि चांगल्या हातानं डोक्यावरचं अस्तर वर धरलेलं. मागे पाना. दार आतून उघडायची कळ पॅनेलबरोबर निघून आली होती, म्हणून तिनं स्वयंपाकघरातली सांडशी आणून मांडीवर घेतली होती. सळई सांडशीनं ओढली की दार उघडायचं.

गाडी सुरू झाली आणि तिघांनाही पहिल्यांदाच कळलं, की ते राखाडी प्लास्टिक आजवर किती आवाज पोटात घालत होतं. दारं खडखडत होती. सळया थडथडत होत्या. काचा पत्र्याच्या आत दात वाजवत होत्या. मागून तर डब्यात खिळे घालून कुणीतरी तो हलवतंय, असा आवाज येत होता. पानाचा शेजारच्या वर्गाला हलवणारा आवाज इथं कुठल्या कुठे विरून गेला.

“तिला सांग, दुसरा!” बाबा ओरडले.

“काय?”

“दुसरा!”

पानानं पुढे झुकून आईच्या कानात ओरडून सांगितलं, “बाबा म्हणतात, विसरा!”

“विसरा?” आईच्या भुवया वर गेल्या. “वा रे वा! एवढं बोलून वर म्हणे विसरा! त्यांना सांग, मी काही विसरणार नाही!”

पाना दुसऱ्या बाजूला झुकली. “आई म्हणते, मी काही घसरणार नाही!”

“घसरेल कशी? रस्ता कोरडा ठणठणीत आहे! तिला म्हणावं, इंजिन रडतंय!”

“आई, बाबा रडतायत!”

आईनं चमकून बाजूला बघितलं. बाबा एका हातानं छत धरून, मान वाकडी करून, डोळ्यांत गेलेल्या अस्तराच्या भुशानं खरोखरच पाणी गाळत बसले होते.

“अहो!” आईनं थेट हाक मारली. अबोल्यानंतरची ही पहिलीच. “फार दुखतंय का?”

“काय?”

“फार दुखतंय का, म्हणते मी!”

“अगं, दुसरा गिअर टाक म्हणतोय मी केव्हापासून!”

आईनं दुसरा टाकला. इंजिनाचं रडं थांबलं. दारांची खडखड मात्र चालूच होती, त्यामुळे आता हळू बोलायची सोयच उरली नव्हती. आणि ओरडायलाच लागलंय म्हटल्यावर, आईनं मनातलंच ओरडून घेतलं.

“विसरा म्हणालात असं वाटलं मला! कशी विसरू? सगळ्यांसमोर मला ‘राहू दे’ म्हणालात! त्यानंतर एकदा तरी चुकलं म्हणालात?”

“म्हणालो की! दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवला!”

“कुणाबरोबर?”

मागच्या सीटवर पाना पायाशी वाकून काहीतरी शोधायला लागली.

लाल दिवा लागला. आईनं ब्रेक मारला, गाडी थांबली, खडखड थांबली. अचानक झालेल्या शांततेत सगळं फार स्पष्ट ऐकू यायला लागलं. आईनं आरसा वळवून घेतला. त्यात पानाची फक्त वेणी दिसत होती.

“वर ये,” आई म्हणाली. “काय होता निरोप?”

पाना वर आली. “बाबा म्हणाले होते, ‘सांग तिला, मी चारचौघांत तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं. पण एवढा मोठा खांब दिसत नसेल तर दुकानात ये म्हणावं, नंबर काढून देतो.’”

“मग दिला का नाहीस?”

“त्यात टोमणा होता. तो काढायला गेले तर माफीपण सुटून आली. दोन्ही एकाच क्लिपवर होतं गं! म्हणून मी सगळंच काढून ठेवलं.”

आई पुढे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “नंबर काढायलाच हवाय. लांबचं घारीसारखं दिसतं मला. पण सुईचं नाक दिसत नाही हल्ली. पडद्याची शिवण नुसत्या बोटांनी चाचपून घालते.”

बाबांच्या हातातलं छत सुटलं. ते डोक्यावर घेऊनच त्यांनी विचारलं, “अगं, मग मला सांगायचं नाही का?”

“सांगितलं होतं.”

“कधी?”

“निरोप पाठवला होता.”

आता आरशात दोघंही दिसत होते. पानानं मांडीवरची सांडशी बाजूला ठेवली. “आई म्हणाली होती, ‘तुझ्या बाबांना म्हणावं, सगळ्या जगाच्या डोळ्यांना नंबर देत फिरतात. घरातलं माणूस सुई धरून चाचपडतंय, ते बरं दिसत नाही यांना!’”

“आणि मला येऊन काय सांगितलंस?”

“‘आई म्हणते, जेवण वाढलंय.’”

दिवा हिरवा झाला होता. मागच्या गाड्यांनी भोंगे सुरू केले. कुणीच हललं नाही. बाबा आईकडे बघत होते, दुकानात बघतात तसे, थोडं पुढे झुकून, आधी एक डोळा, मग दुसरा. आई म्हणाली, “बघता काय? नंबर भर रस्त्यात काढणार आहात?” आणि तिला एकदम हसू फुटलं. बाबाही हसले, मग मनगटावर हात धरून कण्हले, मग परत हसले. भोंगे वाजतच होते.

दवाखान्याच्या आवाराला फाटक होतं, आणि फाटकाला दोन खांब. त्यातून मागे घेतच गाडी आत न्यायची, अशी तिथली जागा. आईनं दोन्ही खांब बघितले. तिचे हात स्टिअरिंगवर आवळले. गाडी इंचाइंचानं मागे सरकायला लागली. बाबांचं तोंड उघडलं. ते उघडणार हे पानाला ठाऊकच होतं, पण सांडशीनं बाबांचं तोंड धरायला वेळ नव्हता.

“राहू दे...” बाबा म्हणाले.

आईचा पाय ब्रेकवर गेला.

“अगं, थांबलीस कशाला? तसंच राहू दे म्हणतोय! स्टिअरिंग तसंच राहू दे. अगदी नेमकं जातंय.”

आईनं एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग स्टिअरिंग तसंच राहू दिलं. गाडी दोन्ही खांबांच्या मधून, कुणाचीही विचारपूस न करता, अलगद आत आली. सांडशी मागून पुढे गेली, आईनं दार उघडलं आणि राणीसारखी उतरली. केसांत राखाडी भुसा होता, पण चाल राणीचीच होती.

हाड शाबूत निघालं. डॉक्टरांनी पट्टी बांधता बांधता विचारलं, “कशानं झालं?”

“दाराला थाप मारली,” बाबा म्हणाले.

“दार उघडत नव्हतं का?”

“दारच नव्हतं,” आई म्हणाली. डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर दोघं ओरडून ओरडून गप्पा मारत होते. नव्या क्लिपा कुठल्या दुकानात मिळतील. तुटलेलं पॅनेल कापडाखाली झाकता येईल का. हळदी रंग गाडीला भडक होईल, असं बाबांचं मत, आणि बाबांना रंगातलं काय कळतं, असं आईचं. पाना मागे डोक्यानं छत तोलून बसली होती. दोनदा ती पुढे झुकली, एखादा निरोप असला तर न्यावा म्हणून. कुणी काही दिलं नाही. इतक्या दिवसांचं काम असं एका लाल दिव्यात गेलं. तिला हसू येत होतं आणि ती मांडीवरची सांडशी उगाच उघडत-मिटत होती.

घरी आल्यावर चहा झाला. मग आईनं पानाला टेबलाशी बसवलं. दोघं तिच्यासमोर, शेजारी शेजारी. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच टेबलाच्या एकाच बाजूला.

“हिला जरा चांगलं खडसवा,” आई म्हणाली.

“मी? तूच बोल. तुझं ऐकते ती.”

“नेहमी मीच का वाईट व्हायचं? गाडीची वाट लावलीय हिनं.”

“आणि निरोपांची. मनगट माझं गेलंय, आता तोंड तू वापर.”

“तुम्हीच डोक्यावर चढवून ठेवलंय हिला. तुम्ही बोला.”

“बरं, तू सुरुवात कर, मी मागून हो म्हणतो.”

पाना एकदा बाबांकडे, एकदा आईकडे बघत होती. बराच वेळ वाट बघितली, पण तिला कुणी रागवेना. शेवटी ती खुर्चीवरून उठली आणि भाषणाला उभी राहिल्यासारखी ताठ झाली.

“तुमचं होत नाहीये, तर मीच बोलते,” ती म्हणाली. “मी ठरवलंय. दारं मीच परत लावणार, पॉकेटमनीतून क्लिपा आणून. पण यापुढे या घरात निरोप सोलून मिळणार नाही. जो जसा म्हणेल तसाच पोचेल. टोमण्यासकट, रडण्यासकट, माफीसकट. एक अक्षर इकडचं तिकडं होणार नाही. आता दोघंही हलू नका. मागचे बरेच निरोप माझ्याकडे तसेच पडून आहेत, ते आधी देऊन टाकते.”